साकवाच्या मापाचा ट्रॅक्टर

मोरजीच्या बसमध्ये देवकी बांबूची काठी घेऊन चढली तेव्हा कंडक्टर म्हणाला, "काकी, सोरोप मारूक चल्लंस?"

"ट्रॅक्टर मोजूक," देवकी म्हणाली.

पुढच्या सीटवरच्या दोघी बायका वळून बघायला लागल्या. देवकीनं काठी मांडीवर आडवी घेतली आणि तोंड खिडकीकडे केलं. एरवी हळर्णात, तिच्या गावात, तिच्या तोंडाला कुणी लागत नसे, पण त्या दिवशी तिच्यात थट्टा परतवायचं बळच नव्हतं.

काठी साकवाच्या मापाची तोडली होती. व्हाळाच्या, गावच्या ओढ्याच्या, पलीकडे तिचे चार कुणगे, भाताचे वाफे, पायरीसारखे एकाखाली एक. व्हाळावर चिऱ्यांचा जुना साकव, एका वेळी एकच बैल जाईल एवढा. तिचा घोव भिकाजी होता तोवर तो एकेक बैल पलीकडे न्यायचा आणि जू तिकडेच मानेवर ठेवायचा. बैल म्हातारे होऊन गेले, त्यांच्यामागून अडीच वर्षांपूर्वी भिकाजीही गेला. तेव्हापासून कुणग्यांत नांगर नाही. मोठा ट्रॅक्टर साकवावर मावत नाही. गावातला एकुलता टिलर शेजारच्या रेश्माच्या घोवाचा, पण तो मोपच्या विमानतळावर टॅक्सी मारायला लागला आणि टिलर गोठ्यात गंजून गेला. सिंधुदुर्गातून यायचे ते गडी आता बांधकामावर जातात. देवकीनं कुणाला विचारायचं बाकी ठेवलं नव्हतं. दोन वर्षांत गवत छातीला लागलं.

जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची, कूळ म्हणून नाव सासऱ्यापासून हिच्या घराचं. भाटकार होता तोवर वर्षाचा खंड घेऊन गप्प बसायचा. त्याच्या मुलाला, देवेशला, तिथं बंगला बांधायचा होता; त्यानं गवताचे फोटो काढले आणि मामलेदाराकडे अर्ज घातला, की कुळानं जमीन सोडली आहे, नाव काढून टाका. पाहणीचं पत्र आलं ते रेश्मानं वाचून दाखवलं. तलाठी येणार त्याला बारा दिवस होते. मोरजीच्या बसमध्ये बसली तेव्हा आठ राहिले होते.

देवकीचं माहेर डिचोली तालुक्यातलं. बापाच्या शेतात खाणीची तांबडी माती वाहून आली, बापानं एक वर्ष शेत तसंच ठेवलं, मग दुसरं. तिसऱ्या वर्षी तिथं ट्रक उभे राहायला लागले आणि बाप त्यांना हात करून वाट मागत घरी यायचा. हे तिनं डोळ्यांनी बघितलेलं. त्यामुळे पत्र ऐकल्यावर ती रडली नाही, परत एकदा दारोदार नांगर विचारत फिरली.

अशा वेळी दत्तप्रसादाचा फोन आला. हा तिच्या दिराचा मुलगा, चाळिशीचा, मोरजीच्या एका हॉटेलात बाग बघतो.

"काकी, आमच्या हॉटेलात ल्हान ट्रॅक्टर आसा. बागेतलो. नवो हाडलो म्हणान जुनो विकतत. तुझ्या साकवावयल्यान नाचत जातलो."

"चलता मा?"

"बऱ्यापैकी. रोज मीच चलयतंय."

देवकीनं फोन ठेवला आणि सरळ देवळात गेली. आमच्याकडे मुलीचं लग्न असो, विहीर असो, देवाला विचारल्याशिवाय पाऊल पडत नाही. गुरवानं कौलासाठी देवाच्या अंगाला ओल्या पाकळ्या लावल्या, उजवी पडली तर होकार, डावी तर नकार, आणि गाऱ्हाणं घातलं, "मोरजेचो ट्रॅक्टर ह्या लेकरान घेवचो काय नाय, तां सांग." देवकी हात जोडून उभी. बराच वेळ काही हललं नाही. मग उजवी पाकळी अशी टपकन पडली की गुरवालाही नवल वाटलं.

"उजवो दिलो," गुरव म्हणाला. "आता पाठी फिरा नको."

तिनं पाटल्या मोडल्या, पैसे पदराला बांधले, काठी तोडली आणि बस पकडली.

हॉटेलच्या मागच्या शेडमध्ये तो उभा होता. नारिंगी, बुटका, पुढं दोन दिवे, बसायला काळी गादी. दत्तप्रसादानं तो धुऊन पुसून ठेवला होता. देवकीनं काठी चाकांवर आडवी धरली. चार बोटं काठी उरली. ती खाली बसली, दुसऱ्या बाजूनं धरून बघितली. परत चार बोटं.

"मावता रे," ती म्हणाली, आणि चार दिवसांत पहिल्यांदा तिला भूक लागल्यासारखं वाटलं.

"तां सांगलंय मा तुका."

हॉटेलचं सगळं बघणारी सेजल तिथं आली. म्हापशाची मुलगी, हातात चाव्यांचा जुडगा. "बसून बघा काकी. इंजिन चांगलं आहे."

देवकी बसली नाही. ती ट्रॅक्टरभोवती फिरली, जनावर विकत घेताना फिरतात तशी. मागं वाकली, खाली हात घालून चाचपडली.

"नांगर खंय लायतत?"

"नांगर?" सेजल म्हणाली.

"ह्या पोटाक काय बांधलला?"

"तां पातां," दत्तप्रसाद म्हणाला. "गवताचां."

देवकी उठली. "माका चिखलात चलवन दाखय."

"काकी, हंय चिखल खंय मेळतलो?"

"रांदचे कुडीमागे आसा. येताना बघलंय."

स्वयंपाकघरामागं सांडपाण्यावर केळी लावल्या होत्या आणि केळींच्या बुडाशी घोट्याएवढा चिखल. दत्तप्रसादानं एकदा सेजलकडे बघितलं, तिनं खांदे उडवले, आणि त्यानं ट्रॅक्टर आत घातला. दोन हात गेला. मग मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली, चिखल उडाला, खालचं पातं गाळात रुतलं आणि इंजिन एक उचकी देऊन बंद पडलं. भांडी घासणाऱ्या बायका दारात येऊन हसल्या. एकीनं विचारलं, "दत्ता, भात लायतंस काय रे?"

चाकं जवळजवळ गुळगुळीत होती. मऊ गवत दबू नये म्हणून तशीच असतात, सेजल म्हणाली. "काकी, हे लॉन कापायचं यंत्र आहे. चिखलात कुणी घालत नाही. दत्ता, तू सांगितलं नाहीस?"

दत्तप्रसाद चिखलातून बूट ओढत बाहेर आला. शेत सोडून त्याला पंधरा वर्षं झाली होती. त्याच्या लेखी चार चाकं, एक सुकाणू आणि आवाज म्हणजे ट्रॅक्टर. खोटं तो बोलला नव्हता, आणि त्यामुळे त्याला शिवी द्यायचीही सोय नव्हती.

सेजल आत गेल्यावर तो हळू आवाजात म्हणाला, "काकी, घे तरी. गवत तर कापतलो. चारय कुणगे एका दिसात साफ. तलाठ्याक स्वच्छ दिसात."

ही गोष्ट देवकीच्या मनात त्याच्या आधीच येऊन गेली होती. तिनं डोळ्यांपुढं आणून बघितलं. छातीएवढं गवत गेलेलं, चारही वाफे हिरवे सपाट, या हॉटेलच्या अंगणासारखे. आणि बांधावर देवेश, फोन उभा धरून.

"कापलला गवत म्हणजे बंगल्याची जागा रे. त्येका आयतीच करून दिवची?"

"पण तुका उजवो दिलोहा. देवाचो शब्द मोडतंस?"

देवकीनं पदराची गाठ चाचपली. तिला खरंच घ्यावासा वाटत होता. घेतला तर देव पाठीशी, दत्ता पाठीशी, आणि हरली तरी बोल कुणाचा तिच्या माथी येणार नव्हता. नाही घेतला तर आठ दिवस, दोन हात, आणि वर देवाला नाही म्हटलेलं. भांडीवाल्या बायका आत गेल्या, ट्रॅक्टर तसाच रुतलेला.

"देवान चाकां बघूक नाय," ती शेवटी म्हणाली. "मी बघलंय."

काठी तिनं तिथंच केळीला टेकवून ठेवली.

गावात उतरल्यावर ती घरी न जाता देवळात गेली. गुरव समईची वात सारखी करत होता.

"हाडलंस?"

"नाय. घेवक नाय."

त्याचा हात थांबला. "मगे परत कौल लायतंस? तसां करता येता, पण दंड..."

"विचारूक येवक नाय. सांगूक इलंय," देवकी म्हणाली, आणि चपला घालून निघाली.

दुसऱ्या सकाळी ती कोयता आणि कुदळ घेऊन साकव ओलांडून गेली. कुठून सुरू करायचं हे तिनं रात्री ठरवलं होतं. तलाठी साकवावरून उतरेल तिथं पहिलं पाऊल ज्या कुणग्यात पडेल तो आधी. गवत कापायचं, व्हाळाचं पाणी सोडायचं, माती भिजली की कुदळीनं परतायची. पहिल्या दिवशी चटईएवढी जागा झाली. दुसऱ्या दिवशी दोन चटया. चौथ्या दिवशी रेश्मा आली आणि गवत ओढायला लागली. सहाव्या दिवशी देवकीच्या तळहाताची साल निघाली, तिनं जुनं लुगडं फाडून गुंडाळलं. दत्तप्रसाद रविवारी आला, दुपारपर्यंत खणलं आणि पाठ धरून बांधावर बसला. "बस तू," देवकी म्हणाली. "तुझा काम गवताचां."

पाहणीच्या दिवशी तलाठी विनिता साकवावरून उतरली, मागोमाग देवेश. देवकी दुसऱ्या कुणग्याच्या मध्यावर होती, चिखलात गुडघ्यापर्यंत. पहिल्यात रोप लावून झालं होतं, शेजारच्या गावातून मागून आणलेलं, विरळ, वाकडं.

"चारातले अडीच पडीकच आहेत," देवेश म्हणाला. "लिहा तसं."

विनितानं बांधावरून खाली उतरून मातीत बोट घातलं. "हे कशानं नांगरलं?"

देवकीनं कुदळ दाखवली.

जे दिसलं ते विनितानं लिहिलं: एक कुणगा लावलेला, दुसरा अर्धा खणलेला, दोनांत गवत. दयामाया नाही, कमी नाही, जास्त नाही. "निकाल मामलेदार देतील," ती म्हणाली. "अडीचांचं काय होईल मी सांगू शकत नाही."

"कधी?"

"महिना. दोनही लागतील."

देवकीनं मान हलवली. देवेश आणि तलाठी साकव चढून जाईपर्यंत ती उभी राहिली. मग तिनं लुगड्याची पट्टी हाताला घट्ट केली आणि दुसऱ्या कुणग्याचा उरलेला अर्धा खणायला घेतला. पावसाळा सरला होता, लावणीपुरतं पाणी व्हाळाला जेमतेम महिनाभर राहणार होतं.