शिक्का मारलेली टोपली

मी उभ्या आयुष्यात कुणाला थोबाडीत मारलेली नाही. शिवी द्यायची झाली तरी आधी दार लावून घेणारा माणूस मी. म्हणून घरात सगळे मला गरीब स्वभावाचा म्हणतात आणि मीही ते निमूट ऐकून घेतो. पण भोपाळच्या जुन्या शहरात, बुरुडांच्या एका गल्लीत मी जे केलं ते थोबाडीत मारण्यापेक्षा वाईट होतं. आणि ते मी इस्त्रीचा शर्ट घालून, अगदी सभ्य भाषेत केलं.

राज्यांची पुनर्रचना झाली, राजधानी नागपूरहून भोपाळला गेली आणि तिच्या मागोमाग आमच्या कोळसा खाणींच्या कंपनीनंही आपलं खरेदीचं ऑफिस उचलून तिकडे नेलं. टेबलं, टाइपरायटर, फायलींच्या पेट्या आणि आम्ही कारकून, सगळं एका यादीत. जवाहर चौकाच्या बाजूला तेव्हा जिकडे तिकडे खणून ठेवलेलं असायचं, क्वार्टरच्या भिंतींना चुन्याचा ओला वास यायचा. बायको रोज उठून म्हणायची, "कुठे आणून टाकलंत हो मला! साधी कोथिंबीर मागायची तर आधी भाजीवाल्याशी हिंदीत भांडायचं!"

खाणीवर तेव्हा बायका डोक्यावरून कोळसा वाहायच्या. त्यांच्या टोपल्या कुठल्याशा लांबच्या ठेकेदाराकडून यायच्या. वाटेत भिजायच्या, कुजायच्या आणि आठ दिवसांत त्यांचं बूड निघायचं. खाणीवरून तक्रारी येत होत्याच, तेवढ्यात वरून हुकूम आला: देश आता आपला आहे, माल जवळच्या लहान कारागिरांकडून घ्या, त्यांना उभं करा. 'उभं करा' हे आमच्या साहेबांना फार आवडलं. साहेब पुण्याचे, बोलण्यात भारी गोड. मला बोलावून म्हणाले, "अहो, तुम्ही चौकस आहात. एखादा बुरूड गाठा आणि उभा करा त्याला."

मी गाठला तो बुरूड नव्हता, बाई होती. पन्नाशीची विधवा. तलावाकडे उतरणाऱ्या त्या गल्लीत बुरुडांची बारा-पंधरा घरं होती आणि काम आणायचं, वाटून द्यायचं, गिऱ्हाइकाला शब्द द्यायचा, हे सगळं तीच करायची. तिच्या शब्दावर गल्ली हलायची. मी तिला अम्मा म्हणायचो, ती मला बाबूजी. लग्नसराईत सुपं, फळांच्या करंड्या, भाजीवाल्यांचे हारे असं त्यांचं बारा महिने चाललेलं असायचं. आमच्या कामासाठी ते सगळं सोडावं लागणार होतं. तिनं मला सरळच विचारलं, "और कल को कंपनी मुकर गई तो?"

मी हसलो. म्हटलं, "अम्मा, कंपनी सरकारी आहे. सरकार काय पळून जातं?" हे मी माझ्या मोडक्या हिंदीत, छाती फुगवून सांगितलं. मेल्या, तुला काय ठाऊक होतं सरकारबद्दल!

आमच्याकडे पद्धत अशी होती. कारागिराकडून आधी तीन नमुने करून घ्यायचे. तिन्हींना सुतळीनं चिठ्ठी बांधायची आणि गाठीवर लाखेचा शिक्का मारायचा. एक नमुना ऑफिसात, एक मुख्य कचेरीतल्या तपासनिसाकडे, एक कारागिराकडे. पुढे जो माल येईल तो या नमुन्याला लावून बघायचा. जुळला तर पास, नाही जुळला तर नापास. पद्धत चांगलीच आहे. शंभर टोपल्या शंभर तऱ्हेच्या होत नाहीत.

आठ दिवसांनी अम्मानं तीन टोपल्या पुढे ठेवल्या आणि मी बघतच राहिलो. पट्ट्या इतक्या बारीक की साडीचा काठ वाटावा. काठाला रंगीत वेळूची नक्षी. बघायला गल्लीतल्या साऱ्या बाया जमलेल्या. ऑफिसात आणल्या तर साहेब म्हणाले, "वा! ही तर प्रदर्शनात ठेवावी." लगेच शिक्के मारले आणि मुख्य कचेरीला कौतुकाचं पत्रही धाडलं. एवढे शिकलेसवरलेले आम्ही, पण यात कोळसा राहील का, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

त्या नमुन्याच्या पहिल्या दहा टोपल्या खाणीवर गेल्या आणि दोन दिवसांत फाटून परत आल्या. मी तणतणत गल्लीत गेलो. अम्मानं कपाळावर हात मारला आणि खो खो हसली. "अरे बाबूजी, ये तो बिदाई की टोपली है! कोयले की तो अलग होती है."

"मग आधी का नाही बोललीस?"

"आपने नमूना मांगा था. पहली बार घर आए मेहमान को मोटी रोटी परोसते हैं क्या?"

त्यांच्यात रीत होती. नवं घर जोडलं की पहिली वस्तू लेकीच्या पाठवणीत देतात तशी विणायची. कामाची वस्तू मग मागाहून. तिनं कंपनीला सोयऱ्याचा मान दिला होता आणि आम्ही त्या मानावर लाख ओतून बसलो होतो.

आता करायचं होतं ते सोपं होतं. साहेबांना सांगायचं, जुना नमुना रद्द करून नवा करायचा, तीन सह्या, मुख्य कचेरीला एक पत्र. पण त्यासाठी साहेबांपुढे जाऊन म्हणावं लागलं असतं की आपण ज्याचं कौतुक कळवलंत ते गाढवपण होतं, आणि त्या गाढवपणाचा मूळ पुरुष मी. माझी जीभ रेटेना. मी अम्माला म्हटलं, "शिक्क्याची टोपली राहू दे. तू कोळशाची कर. जाड पट्टी, दुहेरी काठ, बूड घट्ट. मी बघून घेईन."

शिक्का मारलेली टोपली हातात घेऊन तिनं विचारलं, "इससे अलग होगी. चलेगा?"

"चलेगा," मी म्हटलं.

तशा दहा करून खाणीवर पाठवल्या. महिनाभरानं मुकादमाचा निरोप आला की एकीचंही बूड हललेलं नाही, बाया दुसरी टोपली हातात धरत नाहीत. मला काय आनंद झाला म्हणता! मोठी मागणी काढली. वनखात्याकडे खेटे घालून गल्लीला बांबूचा परवाना मिळवून दिला, मापाची काठी करून दिली, प्रत्येक घरात बसून काठ कसा एकसारखा यावा ते बघितलं. चार महिने गल्लीनं दुसरं काम घेतलं नाही. लग्नसराई तशीच गेली. जुनी गिऱ्हाइकं आली नि अम्माकडून नकार घेऊन गेली. एका म्हाताऱ्या बुरुडानं तिला सगळ्यांदेखत टोकलंही, की कंपनीच्या नादी गल्लीला लावते आहेस, उद्या तोंडघशी पडलो तर जबाब तुला द्यावा लागेल. ती म्हणाली, "दूंगी."

तपासनीस आला तो तिशीतला, शांत, चष्मेवाला. रागीट असता तर बरं झालं असतं. बरोबर साहेब होते. गल्लीच्या तोंडाशी टोपल्यांच्या उतरंडी लावल्या होत्या, बाया पदर सारखा करून उभ्या होत्या. त्यानं पिशवीतून आपला शिक्क्याचा नमुना काढला, उतरंडीतली एक टोपली घेतली आणि दोन्ही शेजारी ठेवल्या. आंधळ्यालाही फरक दिसला असता.

"पट्टी जाड. काठ वेगळा. वजन दुपटीच्या वर," तो म्हणाला. "हा तो मालच नाही."

मी म्हणालो, "खाणीवर या टिकतात, साहेब." एवढंच म्हणालो.

"टिकतात की नाही हे मला विचारलेलं नाही. नमुन्याप्रमाणे आहेत का, हे विचारलंय. बदल कुणी मंजूर केला?"

अम्मानं माझ्याकडे बोट केलं. तक्रार म्हणून नव्हे हो, अगदी भाबडेपणानं, घरचा माणूस दाखवावा तसं. "बाबूजी ने कहा था."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. साहेबांनी भुवया उंचावल्या. नव्या क्वार्टरची किल्ली हातात येऊन वर्षही झालं नव्हतं, वरच्या जागेसाठी माझं नाव गेलेलं होतं. मी घसा साफ केला आणि मराठीत साहेबांना म्हणालो, "आपल्याकडे तोंडी बदल होत नाहीत, साहेब. लेखी काही असेल तर दाखवू द्या तिला." मग तेच तिला हिंदीत सांगितलं. दोनदा बोललो मी ते. एकदा बोलून भागलं नाही.

"मैंने पूछा था बाबूजी," ती म्हणाली. "आपने कहा, चलेगा."

"मला आठवत नाही," मी म्हणालो.

नापास माल पुन्हा फिरून कंपनीकडे येऊ नये म्हणून त्याचं बूड चिरायचं, असा आमच्याकडे नियम होता. तपासनीस म्हणाला, "त्यांच्याकडूनच चिरून घ्या, लवकर आटपेल." आणि साहेबांबरोबर चहाला गेला. देखरेखीला मी. गल्लीतल्या बायांनी आपापले कोयते आणले आणि आपणच विणलेल्या टोपल्या मांडीवर घेऊन चिरू लागल्या. रडत कुणीच नव्हतं. घट्ट विणीला कोयता लागत नव्हता, तर एकीनं पायानं दाबून धरली. एका टोपलीची चीर आरपार गेली नव्हती. ती मी उचलून परत दिली. देवाशपथ सांगतो, परत दिली मी ती! अम्मानं ती माझ्या हातातून घेतली, नीट चिरली आणि बाजूला ठेवली.

नंतर ऑफिसात मीच टिपण लिहिलं, की स्थानिक कारागिरांना नमुन्याबरहुकूम माल देणं जमत नाही, सबब जुन्या ठेकेदाराकडूनच खरेदी चालू ठेवावी. साहेब म्हणाले, "मसुदा छान उतरलाय." मला बरं वाटलं. लाज नाही वाटली, बरं वाटलं, हे लिहून ठेवतो.

चार दिवसांनी अम्मा ऑफिसात आली. शिपायानं आत सोडलं नाही म्हणून व्हरांड्यात उभी होती. मला वाटलं, मालाचे पैसे द्या म्हणून पाया पडेल. टाळायला काय बोलायचं ते मी मनात जुळवूनच बाहेर गेलो. तर ती मालाचं बोललीच नाही. गल्लीत सगळे म्हणत होते की तिनं आपल्याच मनानं टोपली बदलली आणि बाबूवर खोटं ढकललं. रविवारी पंच बसणार होते. तिच्या हाताखाली यापुढे काम करायचं की नाही, हे ते ठरवणार होते.

"कंपनी को मत बताना," ती म्हणाली. "कागज भी नहीं चाहिए. बस गली में आके एक बार बोल दो कि आपने कहा था. मेरी जबान झूठी पड़ गई है, बाबूजी."

म्हणजे माझ्या नोकरीला धक्का लागू नये, एवढं तिनं आपण होऊन बघितलं होतं. मी म्हणालो, "येतो. रविवारी नक्की येतो."

रविवारी शर्ट चढवला, चपला घातल्या, दारापर्यंत गेलो. बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं, "कुठे निघालात? बासुंदी आटत आलीय." मी म्हटलं, "कुठे नाही." चपला काढल्या. जेवलो. चांगली दोन वाट्या बासुंदी खाल्ली आणि झोपलो.

आमचा शिपाई त्या गल्लीच्या पलीकडेच राहायचा. सोमवारी पाण्याचा पेला ठेवता ठेवता त्यानं सांगितलं, की माझ्यासाठी चहावाल्याकडून एक खुर्ची मागून आणली होती. पुसून मधोमध ठेवली होती. पंच दुपारीच उठत होते, पण अम्मा त्यांना हात धरून बसवत होती. म्हणत होती, "आएंगे. सरकारी आदमी हैं, छुट्टी के दिन देर से उठते होंगे." ऊन उतरेपर्यंत सगळे बसून होते. मग पंचांनी ठरवलं, तिच्या हाताखाली आता कुणी काम करणार नाही.

"खुर्चीचं काय झालं?" मी विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही मला.

"वो खुद ही लौटाने गई, साहब," शिपाई म्हणाला.