सासू दाखवण्याचा कार्यक्रम, तीन संग्रहालयांत

मी तेव्हा तरुण होते, म्हणजे अठ्ठावन्न वर्षांची. गुडघे माझं ऐकायचे आणि मी कुणाचंच ऐकत नसे. अशा ऐन उमेदीत मला बघायला माणसं आली.

झालं असं, की मुलाने पुण्यात ऑफिसातलीच एक मुलगी पसंत केली. त्या दोघांचं ठरलं होतं, घोडं अडलं होतं तिच्या आईवडिलांपाशी. मुलगा चांगला आहे, पण सासू कशी आहे ते एकदा बघून येतो, म्हणाले. मुलगा फोनवर अगदी रडकुंडीला आलेला.

"आई, ते घर बघायला नाही, तुला बघायला येताहेत. साधा स्वयंपाक कर, गोड बोल आणि हुशारी दाखवू नकोस. प्लीज!"

हे शेवटचं वाक्य त्याने बोलायला नको होतं.

पुण्याची माणसं नाशिकला येतात ती त्र्यंबकला विधी करायला, नाही तर जाताना द्राक्षाची पेटी न्यायला. त्यात माझं माहेर चांदवडकडचं, कांदेवाल्यांचं. म्हटलं, या लोकांना आज देवळं आणि कांदे सोडून काहीतरी दाखवू. एका दिवसात तीन संग्रहालयं! इतकी वर्षं नाशकात राहून मी त्यांतलं एकही पाहिलं नव्हतं, पण एवढ्याशा गोष्टीने अडायला मी काय अडाणी होते? मोबाइलवर वाचून सगळं पाढ्यांसारखं पाठ केलं.

पोहे झाले आणि पाहुण्यांना गाडीत घातलं. गाडी चालवायला आमचे हे. ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे ट्रॅफिकमध्येही हे आता उड्डाण करणार असं वाटत राहतं.

पहिलं, त्र्यंबक रस्त्यावरचं नाण्यांचं संग्रहालय. मी एका काचेवर बोट ठेवून ठणकावलं, "हे बघा, सातवाहनांचं नाणं!"

मुलीच्या वडिलांनी चष्मा वर सरकवून खालची चिठ्ठी वाचली. "इथे तर मुघल बादशहाचं लिहिलंय."

"हो ना. सातवाहनांनंतर तेच आले," मी म्हणाले. मधली हजारेक वर्षं मी पोह्यांबरोबर गिळून टाकली. ते सज्जन गृहस्थ. "अच्छा, अच्छा," म्हणाले आणि पुढे सरकले. मुलीची आई मात्र गप्प. पुढच्या काचेपाशी गप्प, गाडीत बसल्यावर गप्प. फक्त मान हलवायची, तीही अशी, की होकार की नकार ते कळू नये.

मग मला घाम फुटला. आणि घाम फुटला की मी जास्त बोलते.

दुसरं, नाशिकरोडच्या बाजूचं तोफांचं. तिथे माझं पाठांतर संपलं म्हणून मी यांना पुढे ढकललं. "अहो, सांगा ना यांना तोफेबद्दल!"

"मी विमानवाला माणूस," हे म्हणाले. "तोफ ही आमच्यावर रोखायची वस्तू."

मुलीचे वडील खो खो हसले. आई? ओठ घट्ट मिटलेले. माझ्या डोळ्यांपुढे मुलाचा चेहरा आला. गेलं लग्न, मी घालवलं, एका नाण्याने आणि एका तोफेने.

तिसरं सिन्नरचं, दगडांचं. विहीर खणताना निघतात ना, तसले स्फटिकांचे दगड, पण काचेत मांडले की कसे राजबिंडे दिसतात! तिथे एक अंधारी खोली होती. आत जांभळ्या दिव्याखाली दगड हिरवे-केशरी चमकतात. आम्ही चौघं आत शिरलो. काही दिसेना. मी शेजारचा दंड धरला आणि यांच्या कानाशी पुटपुटले, "अहो, ही बाई सकाळपासून तोंड उघडत नाहीये. यापेक्षा हे दगड बरे, निदान चमकतात तरी."

दंड जरा गुबगुबीत लागला, पण तोवर वाक्य सुटलं होतं.

"तुमचे हे पलीकडे आहेत," अंधारातून आवाज आला. "इथे मी आहे."

सीतामाईला धरणीने घेतलं, मला सिन्नरच्या फरशीनेसुद्धा घेतलं नाही. दंड सोडायचंही सुचेना. एवढ्यात तो दंड गदागदा हलायला लागला. दगडांच्या उजेडात दिसलं, बाई हसत होत्या! पदर तोंडात कोंबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"अहो, मुलीने मला शपथ घातलीय," त्या म्हणाल्या. "आई, तू तोंड उघडलंस की माझं लग्न मोडेल, म्हणाली. सकाळपासून माझा जीव गुदमरतोय!"

"आणि मला हुशारी दाखवायची बंदी होती," मी म्हणाले.

"ती पाळलीत की तुम्ही. ते नाणं बादशहाचं आहे हे मला चष्म्याशिवाय दिसत होतं."

बाहेर येऊन आम्ही दोघी चहाच्या टपरीवर बसलो. पुरुष मंडळी आत दगड बघत राहिली. बाईंनी पहिला घोट घेतला आणि दिवसभराचं साठवलेलं सगळं ओतलं: मुलगी, तिचा राग, तिला न येणाऱ्या पोळ्या, जावई, पुण्याचं पाणी. मला एक शब्द घालायला जागा मिळेना. कप संपल्यावर त्या थांबल्या आणि गंभीर झाल्या.

"खरं सांगू? सकाळी तुमची सरबत्ती ऐकून मला धास्ती बसली होती. म्हटलं, एवढ्या विद्वान बाईच्या हाताखाली माझी पोर कशी टिकायची? आता काळजी मिटली, विहीणबाई."

जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला बिनडोक ठरवत होतं आणि मी आनंदाने दुसरा चहा सांगत होते.