काकडं न घातलेली शेवळं

लग्न होऊन आले तेव्हा रानभाजी म्हणजे मला तांदुळजा एवढंच ठाऊक होतं, आणि ती रानभाजीच नव्हे असं माझ्या थोरल्या जाऊबाईंनी पहिल्याच आठवड्यात हसून सांगून टाकलं. मी साताऱ्याकडची, मास्तरांची मुलगी. सासरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथलीच, भातशेतीवाली. डोंबिवली तेव्हा खेडंच होतं. घराच्या मागे खाचरं, त्यापलीकडे टेकडी. रेशनचे दिवस होते आणि भाजीबाजार गाठायचा तर कल्याण, त्यामुळे पावसाळाभर आमची चूल टेकडीच्या जिवावर चालायची.

टाकळा फुलायच्या आत खुडायचा, फोडशीचा मधला दांडा काढून टाकायचा, भारंगीचा पाला उकडून घट्ट पिळायचा, हे सगळं मला जाऊबाईंनी शिकवलं. मी त्यांना वहिनी म्हणायची. त्या घरात मला मैत्रीण अशी त्याच. पोटातलं सगळं मी त्यांच्याजवळ ओकायची, आणि म्हणूनच त्या ज्येष्ठात माझे वडील कशासाठी येणार होते हेही यांच्याखेरीज त्या एकट्यांनाच ठाऊक होतं.

मी सातवीची फायनल पास झाले होते. पुण्याला मावशीकडे राहून मास्तरणीचं ट्रेनिंग घ्यावं, परत येऊन इथल्याच शाळेत लागावं, असं माझ्या मनात होतं. यांची हरकत नव्हती. पण मामंजींपुढे विषय काढायची छाती यांना नव्हती, मला तर नव्हतीच. म्हणून वडील येऊन हात जोडून विचारणार होते. मामंजी शिकलेल्या माणसाला मान देत. वडिलांनी नीट शब्दांत मांडलं असतं तर ते नाही म्हणाले नसते, असं मला आजही वाटतं.

वडील आले त्या सकाळी आम्ही दोघी टेकडीवर गेलो. ज्येष्ठ होता, झाडांखाली शेवळं वर आली होती. पानबीन काही नाही, जमिनीतून नुसता जांभळट कोंब. मी ती पहिल्यांदाच पाहत होते. "हीच कर आज," वहिनी म्हणाल्या. "तुझ्या वडलांना इथली भाजी मिळेल, आणि सासूबाई पण बघतील सुनेच्या हाताला चव आहे ते." परत येताना त्यांनी एका झाडाची आवळ्याएवढी हिरवी फळं ओच्यात भरून घेतली. हे काय, म्हणून मी विचारलं. "काकडं. लोणच्याला," त्या म्हणाल्या.

कोंब कसा सोलायचा, बुडाचा पिवळा भाग कसा काढायचा, हे त्यांनी शेजारी बसून दाखवलं. मी विचारलं, "वहिनी, यात चिंच घालू का?"

"अगं नको गं. आंबट घातलंस की रंग जातो. तेलावर परत आणि डाळिंब्या टाक, बस."

नैवेद्य दाखवायच्या आधी चव घ्यायची आमच्यात पद्धत नव्हती. मी मीठसुद्धा अंदाजानेच घातलं.

पुरुषांची पंगत बसली. मामंजींना आधी वरणभात लागायचा. वडिलांनी मात्र लेकीच्या हातची म्हणून भाजीलाच हात घातला आणि वाटी संपवली. दोन-तीनदा त्यांनी घसा खाकरलेला मी ऐकला, पण वाटलं, प्रवासाचा धुरळा असेल. इथली भाजी अशीच लागत असेल असं समजून ते खात राहिले. मग मामंजींनी पहिला घास घेतला, ताटाबाहेर टाकला आणि ओरडले, "अरे, काकडं नाय घातली यात? कोणी केली ही?"

शेवळं खाजरी असतात. काकडांचा आंबट रस पडल्याशिवाय ती घशाखाली उतरवायची नसतात. हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. फक्त मला नव्हतं आणि वडिलांना नव्हतं.

वडिलांचे ओठ सुजले, जीभ जड झाली. सासूबाईंनी आमसुलाचं पाणी दिलं, ताक दिलं. संध्याकाळी ओटीवर मामंजींसमोर बसून त्यांनी बोलायचा प्रयत्न केला. घशातून नुसती खरखर आली. "मुलगी... ट्रेनिंग..." एवढंच उमटलं. सासूबाईंनी पुढचं आपणच ओळखलं. "जिला एक भाजी धड करता येत नाही, ती पोरांना काय शिकवणार?" मामंजींनी पानाचा डबा पुढे ओढला. वडिलांनी हात जोडले आणि पहाटे निघून गेले. तो विषय त्या घरात परत निघाला नाही.

विहिरीवर मी वहिनींना गाठलं. मला वाटलं, कानावर हात ठेवतील. नाही ठेवले. रहाटाकडे बघत म्हणाल्या, "तू पुण्याला गेली असतीस. मग ही चूल, ही माणसं, सगळं परत माझ्या एकटीच्या डोक्यावर. तू यायच्या आधी मी कसे दिवस काढत होते, तुला काय माहीत?"

मला माहीत नव्हतं. सांगितलं असतं तर समजलंही असतं. पण माझा राग यामुळे कमी झाला नाही, अजूनही नाही. परक्याने केलं असतं तर मी विसरले असते. ज्या बाईच्या मांडीवर डोकं ठेवून मी रडायची, तिने केसाने गळा कापला, आणि तोही माझ्या वडिलांचा. यांना सांगितलं तर म्हणाले, "आपलेच दात, आपलेच ओठ. गप्प बस." गप्प बसले.

एकाच घरात राहायचं होतं. पुढेही आम्ही दोघी दर पावसाळ्यात टेकडीवर जात राहिलो, भाज्या खुडत राहिलो, आळीपाळीने रांधत राहिलो. पुरुषांची पंगत उठली की आम्ही दोघीच जेवायला बसायचो. वहिनींनी भाजी केलेली असली की मी आधी त्यांचं पान वाढायची आणि हात मांडीवर ठेवून बसून राहायची. मी कशासाठी थांबलेय ते त्यांना कळायचं. त्या खाली मान घालून पहिला घास गिळायच्या, आणि मग मी माझं पान वाढून घ्यायची.