सूर्यचुलीतलं बियाणं

बेल्याच्या शिवारापुढे, काळ्या रानात, आमचं बालग्राम होतं. आईबाप नसलेली लेकरं, दहाजणांचं एक घर, आणि प्रत्येक घराला एक माय. माझ्याकडे दोन खाती होती, शेती आणि ऊन. ऐंशीच्या दशकात ऊन सांभाळायला पगारी माणूस ठेवणारी जिल्ह्यातली ती एकटीच जागा असावी. त्या माणसाला दोन्हींतलं काही कळत नव्हतं, हे नंतर उघड झालं.

अंगणात सूर्यचुली ओळीनं मांडलेल्या असत. आतून काळ्या पेट्या, वर काच, झाकणाला आरसा. दुपारी आरशांचे कवडसे भिंतीवरून, गाईच्या पाठीवरून, निजलेल्या पोराच्या पोटावरून सावकाश सरकत जात. वारा पडला की सगळं बालग्राम पाण्याच्या तळाशी ठेवल्यासारखं वाटे. मी बाजेवर पडून ते बघत असे. याला मी देखरेख म्हणायचो.

त्या वर्षी रब्बीची ज्वारी आम्ही पहिल्यांदाच घरच्या बियाण्यानं पेरणार होतो. तोवर धान्य शहरातून दानाच्या ट्रकनं यायचं, आणि पोती उतरताना लेकरांना रांगेत उभं राहून टाळ्या वाजवाव्या लागत. सगळ्यांत थोरल्या मायला ते बघवत नसे.

"लोकाच्या दाण्यासाठी लेकरायनं कितीक दिवस टाळ्या वाजवाव्या, मास्तर? यंदा आपलं पिकलं का ट्रक बंद."

बियाणं तिनं परसातल्या ताटांची कणसं निवडून, राखेत घोळून मडक्यांत जपलं होतं. पावसाळ्यात ते जरा सर्दलं. अंगणात दोन उन्हं द्या, एवढं मला सांगून ती बाजाराला गेली. पेट्या रिकाम्या, ऊन फुकट आणि मी हुशार! सगळं बियाणं सूर्यचुलींत पसरलं, काचा लावल्या आणि बाजेवर पडलो. डोळा लागला. स्वप्नात ज्वारी आभाळापर्यंत गेली होती आणि कणसाकणसाला आरसे लटकत होते.

"काऊन हो मास्तर, बियाणं शिजवून राह्यले का?" बाजारातून परतलेली माय उशाशी उभी होती.

"वाळवतोय, माय. शास्त्रीय पद्धत आहे."

"मंग हा लाह्यांवानी वास कायचा येऊन राह्यला?"

तिनं मूठभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळले. तीन दिवस मी त्या गुंडाळीभोवती घुटमळत होतो. चौथ्या दिवशी तिनं ती उलगडली. एका दाण्यालाही मोड नव्हता. तिनं रानात जाऊन मूठभर माती दाबून बघितली. पेरणीपुरती ओल आठवडाभरच टिकणार होती.

मग तिनं रिकामं पोतं माझ्या खांद्यावर टाकलं आणि आम्ही शेजारच्या गावात गेलो. प्रत्येक दारात ती तेच सांगे, "आमच्या मास्तरानं बियाणं शिजवलं वं बाई." बाया पदर तोंडाला लावून हसत आणि आतून ओंजळभर ज्वारी आणून पोत्यात टाकत. एका म्हातारीनं विचारलं, "मास्तर, मंग डाळ कच्चीच खाता का?" शेवटच्या गल्लीत तर बाया आम्ही पोचण्याआधीच हसत होत्या.

चाळीस घरचं बियाणं एका तिफणीतून पेरलं. उगवलं ते कुठं गुडघाभर, कुठं डोक्यावर, कुठं पांढरं, कुठं तांबूस. हिवाळ्याच्या सकाळी धुक्यात ते उंचसखल रान हळूहळू डुले, आणि लेकरं त्यात शिरली की नुसते आवाज उरत. शेतीखात्याचे साहेब येऊन म्हणाले, हा कुठला वाण? मी म्हणालो, मिश्र. माय तोंड फिरवून हसली.

मळणी झाली. पोती मायनं स्वतः दोनदा मोजली आणि मला शहरातल्या दात्यांना पत्र लिहायला बसवलं.

"लिहा, यंदा धान्य पाठवू नका."

लिहिलं. खाली सौरऊर्जेच्या उपयोगावर दोन ओळी घालाव्या म्हणून मी पेन टेकवलं.

"पुरे," ती म्हणाली. "आना इकडं, अंगठा लावते."