चाचीचा मुलूख

"हात सैल सोड, बाय." बांगड्या भरायला बसली की चाचीचं पहिलं वाक्य हेच. मग ती आपला पंजा स्वतःच्या मुठीत घ्यायची, अंगठ्याखालची गादी कणीक तिंबावी तशी दाबायची आणि मध्येच विचारायची, "तुमची म्हस व्याली का?" आपण म्हशीचं सांगेपर्यंत बांगडी मनगटात गेलेली असायची. बांगड्या भरणाऱ्या बायका तुम्हीही पाहिल्या असतील. बहुतेकींची नजर काचेवर असते. चाची हाताकडे बघतच नसे, ती तोंडाकडे बघायची. कपाळाला आठी पडायच्या आत तिला कळायचं की इथं जोर करायचा नाही.

इंदापूरच्या मुलींच्या शाळेत मी मास्तरीण म्हणून रुजू झाले, तेव्हा बाजारपेठेच्या मागच्या आळीत आम्हाला जागा मिळाली. आम्ही म्हणजे मी आणि आई. चाचीचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून होतं. तिला नाव होतं, पण ते घेताना मी कुणाला ऐकलं नाही. ब्राह्मणआळीपासून मोमीनआळीपर्यंत ती सगळ्यांची चाची.

डोक्यावर टोपलं, टोपल्यात बांगड्यांच्या माळा, असं तिचं फिरणं चाले. बारामतीचा बाजार तिचा ठरलेला. वालचंदनगरला कारखाना झाल्यावर तिथल्या चाळींतही ती जाऊ लागली. तिथं कुठल्या कुठल्या मुलखाच्या बायका आलेल्या. त्यांची भाषा हिला येत नसे आणि हिची त्यांना. "भाशा कशाला लागती?" ती म्हणायची. "दुखलं की समद्या मुलखात 'आई गं'च असतंय."

एखादी बांगडी तडकली आणि पोरगी "फुटली" म्हणाली, की चाची चिडे. "वाढली म्हन. फुटली म्हनू नये." दुसऱ्यांच्या काकणांना इतकं जपणाऱ्या चाचीचे स्वतःचे हात मात्र कोपरापर्यंत उघडे होते. ती विधवा होती.

नवरा इराणी. बारामतीच्या स्टेशनाजवळ त्याचं चहाचं दुकान होतं. चाचीचा बाप बांगड्यांचा माल सोडवायला स्टेशनावर जायचा, त्या ओळखीतून सोयरीक जमली. नवऱ्याबद्दल ती मोकळेपणानं बोलायची. "आमचं इराणी बाईला बाप्या करायचं. 'माझा बायको आला, चहा केला.' गिऱ्हाइकं हसायची. म्या म्हनायची, हसू द्या, चा तर पित्यात न्हवं." साखरेचा खडा दाढेत धरून कोरा चहा प्यायची त्याची रीत तिनं उचलली होती. संध्याकाळी ओट्यावर गालात खडा धरून बसली, की आई म्हणायची, "चाची, तोंडात खडा ठेवून बोलू नका, काही कळत नाही." त्यावर ती आणखीच बोलायची.

लग्नाला चार-पाच वर्षं झाली आणि तिचा बाप वारला. आई आधीच गेलेली. मागं राहिला धाकटा भाऊ, चौदा वर्षांचा. त्याला सांभाळायला ती इंदापुरात आली. त्याच सुमारास नवऱ्यालाही इराणहून घरचं बोलावणं आलं, त्याची आई आजारी होती. "मुंबईला परत आलो की निरोप धाडतो," असं सांगून, बारामतीचं दुकान मोडून तो बोटीनं गेला. वर्ष गेलं. एक दिवस भाऊ बारामतीहून बांगड्यांच्या पेट्या घेऊन परतला. दारातच उभा राहून म्हणाला, "स्टेशनावर दाजींचा मानूस भेटला व्हता. दाजी गेलं, आपा."

आळीतल्या बायका जमल्या. तिचे चुडे दगडावर वाढवले. नवरा गेल्यावर त्यांच्यात बाई चार महिने दहा दिवस घराबाहेर पडत नाही, त्या इद्दतीत ती बसली, आणि उठली ती डोक्यावर टोपलं घेऊनच. भावाला तिनं वाढवलं, पेठेत दुकान घालून दिलं, त्याचं लग्न केलं. त्याची पोरं तिच्याच कुशीत वाढली.

हे सगळं मी तिथं जायच्या आधीचं. मी पाहिलं ते पुढचं.

युरोपात लढाई पेटली त्या साली परक्या देशांच्या माणसांची नोंद करायचा हुकूम आला. आमच्या ठाण्याचा हवालदार एका सकाळी चाचीच्या ओट्यावर येऊन उभा राहिला. त्याच्या बायकोचे हात चाचीनं आठच दिवसांपूर्वी भरले होते.

"चाची, सरकारी काम हाय."

"बस की. चा टाकते."

"चा नगं." त्यानं टोपी काढली, परत घातली. "तुमी परदेशी हाय म्हनं."

चाची इतकी हसली की तिला ठसका लागला. "व्हय, लई लांबनं आले! त्या आतल्या खोलीत जल्मले आन् चालत चालत ह्या ओट्यापतूर आले."

"तसं न्हवं. देश कंचा लिवू?"

"इंदापूर लिव."

"तसं लिवता येत न्हाय, चाची."

त्यानं 'इराण' लिहिलं. तिची उंची मोजली, हनुवटीवरच्या गोंदणाची ओळखीची खूण म्हणून नोंद केली. जाताना खाली मान घालून सांगितलं, की आता दर आठवड्याला ठाण्यात हजेरी लावायची आणि परवानगीशिवाय गावाबाहेर पाऊल टाकायचं नाही.

"बारामतीच्या बाजाराला?"

"इचारून."

"वालचंदनगरला?"

"तितंबी इचारून."

त्यानंतर टोपलं पुष्कळदा ओट्यावरच असायचं. परवानगी मिळेपर्यंत बाजार उठलेला असे.

तिला घेऊन मी कचेरीत गेले. मामलेदार सालस गृहस्थ होते. त्यांनी समजावून सांगितलं. कायद्याप्रमाणं बाईचा देश म्हणजे नवऱ्याचा देश. इराण्याशी लग्न लागलं त्या दिवशी ती इराणी झाली, मग तिनं तो देश स्वप्नातही पाहिलेला नसो. पण नवरा वारला असेल आणि बाई जन्मानं इथली असेल, तर तिला अर्ज करून पुन्हा इथली होता येतं. मग कायमचं राहायला कुणाची आडकाठी नाही. "एवढंच सिद्ध करा," ते म्हणाले. "जन्माचे साक्षीदार गावभर आहेत. नवरा वारल्याचं कुणी सांगेल का?"

"माझा भाव सांगंल की," चाची म्हणाली. "त्यानंच तर मला सांगितलं."

अर्ज मी लिहिला. भावाला मात्र त्या दिवसापासून कामं निघू लागली. कधी माल आणायला जायचं असे, कधी दुकानात कुणी नसे, कधी ताप. चाचीला वाटायचं, कचेरीला बुजतोय. "लहानपनापास्नं भित्रं हाय त्ये," ती कौतुकानंच सांगायची. शेवटी तारखेच्या दिवशी तिनं त्याला धुतलेला सदरा घालायला लावला आणि धाकट्या पोराला शाळेत न्यावं तसं पुढं घालून नेलं.

कचेरीत आम्ही मोजकेच होतो. शिरस्तेदारानं त्याच्याकडून अल्लाला स्मरून खरं सांगेन असं वदवून घेतलं. मामलेदारांनी विचारलं, "तुमच्या बहिणीचा नवरा वारला, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

भाऊ सदऱ्याची गुंडी चाळवत राहिला.

"बोल की धाकल्या," चाची मागून म्हणाली.

त्यानं घाम पुसला. "सायब, तो मेला असं मला कुनी सांगितलं न्हाय."

मामलेदारांनी लेखणी खाली ठेवली. "म्हणजे?"

"मानूस आला व्हता. दाजी मुंबईला परत आल्यात, बायकोला धाडून द्या, असा निरोप व्हता."

"आणि तुम्ही?"

"म्या त्याला सांगितलं, ती येत न्हाय म्हनून."

मी चाचीकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा रागही नव्हता. समोरचा काही परक्या भाषेत बोलत असावा तशी ती त्याच्याकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "अरं, तू दाजी गेलं म्हनलास."

"म्या गेलं एवडंच म्हनलो, आपा." त्याला रडू फुटलं. "तू त्ये तसं धरलंस. बाया गोळा झाल्या. मग माझ्या तोंडातनं निघंनाच."

"आन् माझी काकनं दगडावर घेतली तवा तू कुटं व्हतास?"

"तितंच."

अर्ज तिथंच संपला. नवरा जिवंत धरला तर ती त्याच्या देशाची, आणि मेला म्हणायला आता तोंड नव्हतं. मामलेदारांना वाईट वाटलेलं दिसत होतं. "मी वर खास शिफारस लिहितो," ते म्हणाले. "काय होईल ते सांगता येत नाही."

त्या दुपारी चाची घरी गेलीच नाही. आमच्या मागच्या सोप्यात आली आणि भिंतीशी टेकून बसली. आईनं काही न विचारता पटकूर अंथरलं. भावजय पोरांना घेऊन दाराशी आली, तर चाचीनं पोरांच्या तोंडावरून हात फिरवला आणि त्यांना परत पाठवलं.

दोन दिवसांनी मी शाळेतून आले, तर तिनं टोपलं पुढं ओढलं होतं. हिरव्या बांगड्यांची माळ मांडीवर होती. म्हणाली, "मास्तरीनबाई, तुमी शिकल्याली हायसा. सांगा मला. घालू का नगं?"

मी पिशवी खाली ठेवून तिच्याशेजारी बसले. आई चुलीपाशी होती, ती लाकूड आत सारत राहिली. चाचीनं बराच वेळ माळ बोटांवरून फिरवली आणि पुन्हा टोपल्यात ठेवली.

भाऊ रोज येऊन अंगणात उभा राहायचा. गावातले चारचौघे त्याच्या बाजूनं बोलायला लागले होते. पोरवयातली चूक, त्यानं तुला अंतर दिलं का, म्हातारपणी कोण बघणार, असं. ज्या बायकांचे हात तिनं जन्मभर धरले, त्यांतल्या कितीतरी हेच सांगून गेल्या. ती ऐकून घ्यायची. एकदा मात्र ती स्वतःच बाहेर गेली.

"का केलंस?" तिनं विचारलं.

"तू गेली असतीस. म्या एकटा ऱ्हायलो असतो."

"म्या गेले नसते रं." तिचा आवाज चढला नव्हता. "तुला टाकून म्या जानार न्हवते. त्येलाच बोलवून घेतला असता. बारामतीला परत दुकान घातलं असतं की. तू मला नुसतं इचारायचं व्हतंस."

भाऊ खालीच बसला. पायाला हात लावायला वाकला, तर ती मागं सरली. लहानपणी ज्याचं नाक पदरानं पुसलं, त्याच्यापासून पाय मागं घेताना मी तिला पाहिलं. यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही.

पुढं ठाण्याची परवानगी काढून ती मुंबईला गेली. इराण्यांच्या दुकानांतून विचारत फिरली. आठवड्यानं परतली, तेव्हा पायांना फोड आलेले होते. आई गरम पाण्यानं शेकत होती, तेव्हा तिनं सांगितलं. एका म्हाताऱ्या दुकानदाराला तिचा नवरा आठवत होता.

"दोन वरसं त्याच्या हाटेलात काम करत व्हता म्हनं. बायको येत न्हाय असा निरोप आला, तरीबी वाट बघत व्हता. मग गेला मुलखाला."

"आता कुठं असतो?" आईनं विचारलं.

"म्हाताऱ्याला ठाव न्हाय." मग म्हणाली, "मला काय म्हनला ठाव हाय का? 'तूच का ती, न आल्याली?' म्या व्हय म्हनले. काय सांगायचं त्येला?"

पावसाळा सरला तसं तिनं टोपल्यातला माल विकून टाकला. एका पहाटे आईच्या हातचा चहा घेतला, आमच्या तुळशीपाशी क्षणभर थांबली आणि सर्व्हिस मोटारीनं भिगवण स्टेशनाकडे गेली. कुठं जाते ते सांगितलं नाही. "इचारलं तर तुमाला खोटं बोलाया लागंल," एवढंच म्हणाली. ठाण्यातही तिनं या वेळी विचारलं नव्हतं. त्यापायी हवालदाराला वरून बोलणी बसली, पण त्यानं आळीत कुणाला दरडावलं नाही.

नंतर तिची खबर लागली नाही. कुणी म्हणे मुंबईत एका इराण्याच्या घरी कामाला आहे, कुणी म्हणे बोटीत बसली. मला यातलं काहीच खरं वाटत नाही आणि खोटंही म्हणवत नाही.

त्या थंडीत एका सकाळी हवालदार पुन्हा आमच्या आळीत आला. चाचीच्या घराची कडी वाजवली. भाऊ बाहेर आला, तोंड धुता धुता आलेला, ओल्या हातांनी. हवालदारानं त्याला कागद वाचून दाखवला. मामलेदारांची शिफारस मान्य झाली होती. सदर बाईस इंदापूर मुक्कामी कायम राहण्यास सरकारची हरकत नाही, हजेरी माफ.

"पोच पायजे," हवालदार म्हणाला. "तिचाच अंगठा लागतो."

भावानं ओले हात सदऱ्याला पुसले. हवालदारालाही ठाऊकच होतं, ती नाही ते. तरी तो ओट्यावर बसला, खिशातून शाईची डबी काढली, झाकण उघडून बाजूला ठेवलं, आणि दोघंही तिथंच बसून राहिले.