सासरहून आलेली हळद

ताईच्या दोन्ही गालांवर काळे डाग आहेत. ते जन्माचे नाहीत. ते कसे पडले हे तिघींनाच माहीत आहे: ताईला, तिच्या नणंदेला आणि मला. मी इथे कुणाचंच नाव लिहिणार नाही. ताईला शब्द दिला आहे, तो निदान एवढा तरी राहावा.

आमच्याकडे आधी नवरदेवाला हळद लागते. उरलेली हळद वाटीत घेऊन त्याच्याकडच्या बाया नवरीच्या घरी येतात. ती उष्टी हळद आल्याशिवाय नवरीची हळद होत नाही. आणि एकदा लागली की दुसऱ्या दिवशीच्या आंघोळीपर्यंत ती धुवायची नसते.

ताईचं सासर पवनीकडचं. वाटी घेऊन तिची नणंद आली होती. ती पवनीच्या एका पार्लरमध्ये कामाला जाते आणि मोबाईलवर पाहून घरीच तोंडाला लावायचे लेप बनवते. मांडवात शिरताच तिनं मला बाजूला घेतलं.

"तुमच्या ताईसाठी यात माही खास वस्तू टाकली हाये," ती म्हणाली. "भावाले लावून झाल्यावर टाकली, फक्त वहिनीसाठी. उद्या चमकते का नाही पाह्यजा!"

इतक्या आनंदानं ती सांगत होती की मलाही बरं वाटलं. सासरी जाण्याआधीच ताईला कुणीतरी आपलं मानलं होतं.

मी करवली, म्हणून पहिला हात माझा. ताई पाटावर बसली. मी वाटीत तीन बोटं बुडवली आणि तिच्या गालांना हळद लावली. मग एकेक बाई पुढे आली आणि आंब्याच्या पानानं हळद लावून गेली. आदल्या दिवशीच ताईनं साकोलीला जाऊन तोंडाला ब्लीच करून घेतलं होतं. थोड्या वेळानं ती माझ्या कानाशी म्हणाली, "आग होऊन राहिली वो."

ते मोठ्या मामीनं ऐकलं. "आत्ताच आग लागली का वो? अजून तं नवरदेव यायचाच हाये!"

सगळा मांडव हसला. ताईही हसली. पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि माझी तिन्ही बोटं चुरचुरत होती.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मीच पहिली. प्रयोगशाळेत आमचे सर रोज एकच सांगतात, अंगावर काही सांडलं तर आधी हात नळाखाली धरा, मग मला हाक मारा. मी न्हाणीत जाऊन हात धुतला. चुरचुर कमी झाली. मग लोटाभर पाणी आणि ओलं फडकं घेऊन ताईजवळ आले.

मायनं माझ्या हातातला लोटा काढून घेतला. "काय करून राहिली?"

"माय, ताईचं तोंड धुवू दे. हे नुसती हळद नाही वाटून राहिली मले."

"सासरची हळद हाये ते! तिच्या सासरच्या बाया समोर बसल्या हायेत. धुतली तं काय म्हणतीन? मांडवातच भांडण लागन." मग थोड्या हळू आवाजात ती म्हणाली, "कालेजात आता हळद बी शिकवतेत का?"

मी तरी फडकं पुढे केलं. ताईनं समोर बघितलं. तिची नणंद सरबताचा गिलास हातात धरून तिच्याचकडे पाहत होती, परीक्षेत पहिली आल्यासारखी. ताईनं माझा हात मागे सारला.

"राहू दे," ती म्हणाली. "एक रात्र तं हाये."

सकाळी ताईचं तोंड लाल होऊन सुजलं होतं. "हळद चढली," बाया म्हणाल्या. सजवायला आलेल्या मुलीनं वरून पावडरचे थर दिले. लग्न लागलं. नंतर तिच्या गालांची सालं निघाली आणि खालची कातडी काळी पडली. माझ्याही तीन बोटांची सालं निघाली.

आषाढात, आखाडीच्या सणाला ताई पहिल्यांदा माहेरपणाला आली, तेव्हा बाकीचं कळलं. नणंदेनं मागवलेल्या बाटलीत चेहरा उजळवायचं अॅसिड होतं. ते थेंबानं, पाण्यात मिसळून घ्यायचं असतं. तिनं अर्धी बाटली वाटीत ओतली होती. जास्त टाकलं की जास्त उजळेल, असं तिला वाटलं. पुढे एक दिवस गोठ्यामागे तिनं ताईचे पाय धरले.

"माह्या मायले नोका सांगू वहिनी. मले पाहाले पाहुणे येऊन राहिले."

भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी ताईला विचारलं होतं, तोंडाला काही लावलं होतं का? नणंद शेजारीच उभी होती. ताई नाही म्हणाली.

"काहून?" मी विचारलं. मला फार राग आला होता. "तुह्या तोंडाचं काय मंग?"

"तोंडाचं झालं ते झालं," ताई म्हणाली. "त्या घरात माह्याशी बोलते कोण? तेच एकटी बोलते."

तिनं मला शब्द द्यायला लावला.

ताईला न्यायला तिची सासू आणि नणंद आल्या. मी चहा घेऊन आत आले, तर सासू मायला म्हणत होती, "इहीनबाई, एक गोष्ट इचारतो, राग नोका मानू. पोरीच्या तोंडाले हे आधीपासूनच होतं ना? पावडर लावून दाखवली ना आमाले?"

"नाही वो, देवाची शप्पथ," माय म्हणाली. "चांगली होती माही पोरगी." एवढं बोलून ती पदरात तोंड घालून रडायला लागली. मायला असं परक्यांसमोर रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

नणंदेनं मान खाली घातली होती. मी तोंड उघडलं. ताई माझ्याकडे पाहत राहिली.

"चहात साखर बरोबर हाये का?" मी विचारलं.

कप विसळायच्या निमित्तानं नणंद मागे न्हाणीपाशी आली. तिनं माझा उजवा हात धरला आणि बोटं उजेडाकडे वळवून पाहिली. कातडी नवी आली होती. कुठे काही दिसत नव्हतं.

"तुमचं गेलं," ती म्हणाली.

"मी लगेच धुतलं होतं."

तिनं माझा हात सोडला.

त्या निघाल्या तेव्हा आभाळ भरून आलं होतं. तलावाखालच्या बांदीत, चिखलात, धानाची रोवणी चालू होती. ओणव्या बायांपैकी एकीनं मान वर करून हाक दिली, "चालली का वो सासरी?" ताईनं पदर डोक्यावरून पुढे ओढून गालांपर्यंत आणला आणि हात हलवला. तिची पिशवी नणंदेच्या खांद्यावर होती. सासू पुढे निघून गेली तरी त्या दोघी मागे सोबतच चालत होत्या.

माय दारात उभी राहून मला विचारत होती, "कायनं झालं असन वो तिले?"