करील की करू शकेल

"थांब. तो शब्द पुन्हा वाच," असं म्हणत ताई ओळीखाली पट्टी दाबून धरायच्या. पट्टी धरलेला हात थरथरायचा. मी भाषांतर शाखेत त्यांच्या हाताखाली नवीन लागले तेव्हा मला वाटलं, वयामुळे असेल. मग हळूहळू कळलं, त्या घाबरायच्या.

कशालाही घाबरायच्या. साहेबांचा फोन आला की उभ्या राहून बोलायच्या. लिफ्टमध्ये एकट्या चढायच्या नाहीत. मी येईपर्यंत खाली थांबायच्या. राहायला परळला, इस्पितळ हाकेच्या अंतरावर, तरी पर्समध्ये तीन शेजाऱ्यांचे नंबर लिहिलेला कागद असायचाच. तुमच्याही कचेरीत असं एखादं माणूस असेल. आपण त्यांना हसतो. मीही हसायचे.

आमचं काम म्हणजे इंग्रजी विधेयकं मराठीत आणायची आणि छपाईला जाण्याआधी जोडीने तपासायची. मी मोठ्याने वाचायचे, ताई मूळ प्रतीवर नजर ठेवायच्या.

"कायद्यात 'करील' म्हणजे करावंच लागतं. 'करू शकेल' म्हणजे वाटलं तर," त्यांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. "यात माणसं मरतात गं." मला ते जरा जास्तच वाटलं.

मग ग्रामीण आरोग्याचं विधेयक आलं. गावोगावच्या आरोग्य केंद्रांसाठी वेगळा निधी, आणि केंद्रं नीट चालतात की नाही ते बघायला जिल्हावार समित्या. ताईंनी ते काम स्वतःहून मागून घेतलं. त्यांनी काही मागितलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. जेवताना विचारलं, तर म्हणाल्या, "रत्नागिरीकडे माझी बहीण असते. तिची सून बाळंत झाली, रक्त थांबेना. केंद्राला कुलूप. डॉक्टर तालुक्याला गेलेले. पोर जीपमध्येच गेली." एवढं बोलून त्यांनी अर्धा डबा तसाच बंद केला. "आजही तिथून फोन आला की मी आधी विचारते, कुणी आजारी नाही ना?"

विधेयक सभागृहात मांडायच्या आदल्या दिवशी दुपारी छापील प्रती आल्या. त्या चाळता चाळता ताई एकदम पांढऱ्या पडल्या. त्यांनी प्रत माझ्यापुढे सरकवली. 'समिती प्रत्येक केंद्रात निवासी डॉक्टर नेमू शकेल.'

मूळ इंग्रजीत सक्ती होती. आम्ही हस्तलिखित काढून पाहिलं. अक्षर ताईंचंच. तपासताना वाचलं मी होतं. दोघींच्याही कानावरून तो शब्द तसाच गेला होता.

"ताई, कुणाच्या लक्षात नाही येणार," मी म्हटलं. खरं सांगते, माझी नोकरी अजून कायम व्हायची होती.

"तेच तर. कुणाच्या लक्षात येणार नाही," असं म्हणून त्या उठल्या.

त्या साहेबांच्या केबिनमध्ये शिरल्या. मी दारापर्यंत गेले.

"छापून झालंय हो आता," साहेब म्हणाले. "नंतर दुरुस्ती करू."

"नंतर नको, साहेब." आवाज इतका बारीक, की मला जेमतेम ऐकू आला. पण त्या जागच्या हलल्या नाहीत.

"चूक कुणाची?"

"माझी. एकटीची."

मी दारातच उभी होते. मी तोंड उघडलं नाही.

शुद्धिपत्र निघालं. संध्याकाळपर्यंत आम्ही सगळे प्रत्येक प्रतीत त्याची चिठ्ठी चिकटवत बसलो. पुढच्या आठवड्यात ताईंच्या हातात नोटीस पडली आणि त्यांची बदली तळघरातल्या जुन्या कागदपत्रांत झाली. मला कुणी काही विचारलं नाही.

कायदा मंजूर झाला, दुरुस्त शब्दासकट. मी सांगायला धावत खाली गेले. ताई आनंदल्या नाहीत. "कागदावर झालं," म्हणाल्या. "पण तिथे कुणी गेलं का?"

निवृत्त झाल्यावर बऱ्याच दिवसांनी त्यांचा फोन आला. "बहिणीकडे आलेय. एकटी आले, एसटीने. वाटभर जीव मुठीत होता." मग म्हणाल्या, "केंद्रात जाऊन आले. डॉक्टर आहे गं! कोवळी पोरगी आहे. मला विचारते, काय होतंय आजी? मी म्हटलं, काही नाही बाळ, भीती वाटते."

त्या परळला परतल्याच नाहीत. पुढच्या वर्षी त्यांच्या बहिणीचा फोन आला. ताईंच्या छातीत कळ आली, केंद्रात नेलं, इंजेक्शनं दिली, गाडी बोलावली. पण गाडी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

"काही बोलल्या का?" मी विचारलं.

"तुमच्याविषयी नाही हो," बहीण संकोचून म्हणाली. "त्या डॉक्टरणीचा हात घट्ट धरून ठेवला होता. एकच विचारत होती, उद्या आहेस ना गं इथे? त्या पोरीने तीन-तीनदा सांगितलं, आहे आजी, उद्याही आहे. तेव्हा कुठे हात सोडला."